सेवेतलं मेडिकल संपलं, पुढे काय? स्तनाचा आणि गर्भपिशवीचा कर्करोग (देवळाली-नाशिकच्या माजी सैनिक कुटुंबांसाठी)

लॅमरोड_सिस्टर
रविवार, सकाळी ११:२०

जय हिंद मंडळी.

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये नोकरी झाली, आता देवळाली कॅम्पात राहते. लॅम रोड, भगूर, संसरी, वडनेर दुमाला या पट्ट्यात दर दोन-चार घरांआड एक माजी सैनिकाचं घर आहे. त्या घरांतल्या बायकांसाठी, आणि स्वतः वर्दी घातलेल्या माझ्यासारख्या बायकांसाठी हा धागा काढते आहे. पुरुषांनी 'बायकांचा विषय' म्हणून पुढे सरकू नये, त्यांचाही संबंध आहे.

सेवेत असताना दरवर्षी मेडिकल होतं. 'शेप वन' (पूर्ण तंदुरुस्तीचा दर्जा) टिकावं म्हणून माणूस स्वतःहून वजन कमी करतो, बीपीची गोळी वेळेवर घेतो. निवृत्तीच्या दिवशी हे सगळं थांबतं, आणि थांबतं ते नेमकं अशा वयात जिथून या आजारांचा धोका चढायला लागतो. जवान चाळिशीच्या आसपास घरी येतो. त्याची बायको पस्तीस-चाळीसची असते आणि तिचं वार्षिक मेडिकल तर आयुष्यात कधीच झालेलं नसतं. पुढची तीस वर्षं तिला तपासणीला कोणी बोलावत नाही. दुखलं की ती जाते. हे दोन्ही आजार सुरुवातीला दुखत नाहीत, हीच मोठी अडचण आहे.

स्तनाचं आधी सांगते. २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना नव्याने स्तनाचा कर्करोग झाल्याचा जागतिक अंदाज आहे, आणि आपल्याकडे तो पाश्चात्त्य देशांच्या मानाने साधारण दहा वर्षं आधी गाठतो. निम्म्याहून अधिक बायका गाठ मोठी झाल्यावर किंवा काखेत पसरल्यावर येतात. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित हाताने स्तन तपासणी सांगितली आहे. अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करा असं म्हटलं. घरात कोणाला झालेला असेल तर हे वेळापत्रक बदलतं, तपासणी लवकर सुरू होते.

गर्भपिशवीचं वेगळं आहे. पिशवीच्या तोंडाचा कर्करोग आणि पिशवीच्या आतल्या अस्तराचा कर्करोग हे दोन निराळे आजार आहेत. तोंडासाठी पॅप (तिथल्या पेशींची तपासणी) आहे, व्हीआयए (ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणं) आहे, एचपीव्ही या विषाणूची चाचणी आणि लस आहे. अस्तरासाठी धडधाकट बाईची सरसकट करायची अशी एकही चाचणी नाही. त्यामुळे पॅप नॉर्मल आला म्हणजे पिशवी ठीक, असं धरून चालू नका. अस्तराच्या कर्करोगात शरीरच आधी खूण देतं. पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि मग अंगावरून लाल गेलं, मग तो एक डाग का असेना, की आठवड्याच्या आत दाखवायचं. या आजाराच्या सुमारे ९० टक्के बायकांना हीच खूण दिसलेली असते. घाबरू मात्र नका. पाळी गेल्यावर डाग दिसलेल्या दहांपैकी साधारण नऊ जणींना कर्करोग निघत नाही. खालून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर शक्यता फारच कमी. जाड असेल तर बारीक नळीने तुकडा काढून तपासायला पाठवतात. बहुतेक वेळा बाह्यरुग्ण विभागातच होतं.

स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असलेल्या बायकांनी हे दुप्पट लक्षात ठेवावं. त्या गोळीने अस्तराच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. गोळी बंद करायची नाही, तिचा फायदा कितीतरी मोठा आहे. त्रास नसताना उगाच दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीही नको. डाग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, एवढंच.

आता माझं मुख्य मागणं. बदल्यांच्या आयुष्यात आपली माहेर-सासरची माहिती तुटून जाते. आत्या गेली हे पठाणकोटला पत्रातून कळतं आणि कारण म्हणून 'पोटाच्या आजाराने' एवढंच लिहिलेलं असतं. ते पोटातलं काय होतं, कितव्या वर्षी झालं, हे आज जिवंत असलेल्या थोरल्यांना विचारून कागदावर उतरवा. आईकडचं आणि वडिलांकडचं, दोन्ही. स्तन, अंडाशय, पिशवी, मोठं आतडं, प्रोस्टेट, स्वादुपिंड. नाव, नातं, वय. तो कागद घेऊन ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांसमोर बसा. जनुकांची चाचणी कोणाची करायची हे त्या कागदावरून ठरतं.

गनर_भगूरकर
रविवार, दुपारी २:०५

मॅडम, जय हिंद. तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त आहे. चांगला विषय काढलात. एक सुचवतो. आपण सगळे नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो. तो महिना कोणी विसरत नाही. त्याच महिन्यात नवरा-बायको दोघांचंही मेडिकल करायचं ठरवलं तर वेगळी तारीख लक्षात ठेवायला नको.

दुसरं, विचारायला जरा अवघड वाटतंय. माझे थोरले बंधू सिन्नरला असतात, तेही फौजेतलेच, वय ६४. डाव्या छातीवर बोंडीच्या मागे कडक गाठ आहे. दुखत नाही. बोंडी आत ओढल्यासारखी दिसते. जवळच्या एका डॉक्टरांनी चरबीची गाठ म्हणून सोडून दिलं. पुरुषांना हा आजार होतो का?

लॅमरोड_सिस्टर
रविवार, दुपारी २:३०

सुभेदार साहेब, होतो. स्तनाच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो, आणि तो बहुतेकदा साठीच्या पुढचा. कडक, न दुखणारी, एकाच बाजूची गाठ आणि आत ओढलेली बोंडी ही वर्णनं ऐकून मी थांबणार नाही. उद्याच त्यांना पॉलिक्लिनिकला न्या. मॅमोग्राफी पुरुषाचीही होते, सोबत सोनोग्राफी, आणि सुईने तुकडा. हाताने चाचपून 'चरबी' ठरवू देऊ नका, तुकड्याचा रिपोर्ट मागा.

आणि हे विचारायला अवघड वाटायचं काही कारण नाही. पुरुष उशिरा येतात ते याच संकोचापायी.

आई, आत्या, बहीण, मावशी, कोणाला काही होतं का?

गनर_भगूरकर
रविवार, दुपारी २:५०

आमची एक बहीण ४१ व्या वर्षी छातीच्या गाठीनेच गेली. आत्याचं पोट फुगलं होतं, पाणी काढायचे. तेव्हा जलोदर म्हणाले.

लॅमरोड_सिस्टर
रविवार, दुपारी ३:००

हे सगळं असंच्या असं कागदावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. आत्याचं ते अंडाशयाचंही असू शकतं.

माजी_कॅप्टन
रविवार, रात्री ९:४०

सिस्टर, धाग्याबद्दल मनापासून आभार. १९९२ पासून डॉक्टर-नर्सशिवायच्या शाखांतही मुली अधिकारी म्हणून येऊ लागल्या, मी त्यातल्या सुरुवातीच्या तुकड्यांपैकी एका तुकडीतली. आमची ती पिढी आज पन्नाशीत आहे. इथल्या तोफखान्यात २०२३ पासून महिला अधिकारी आल्या, त्याही उद्या याच रांगेत असतील. 'माजी सैनिक' म्हटलं की अजूनही डोळ्यांसमोर मिशीवाला माणूस येतो आणि तपासण्यांची आखणीही त्याच्याच हिशोबाने होते, याचं मला वाईट वाटतं.

शॉर्ट सर्व्हिसमधून (ठरावीक वर्षांच्या नोकरीतून) पेन्शनशिवाय बाहेर पडलेल्या मैत्रिणींनो, २०१९ मध्ये केंद्राने आपल्यालाही ईसीएचएस खुली केली. सभासद झाला नसाल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. अनेकींना हे माहीतच नाही.

अमेरिकेचं थोडं सांगते, कारण तिथे हा प्रश्न कायद्यापर्यंत गेला. केट हेंड्रिक्स थॉमस ही मरीन कोअरची अधिकारी इराकमध्ये होती. तिथे तळावरचा कचरा, प्लास्टिक, इंधन उघड्या खड्ड्यांत जाळायचे. तिला ३८ व्या वर्षी पसरलेला स्तनाचा कर्करोग निघाला. चाळिशीच्या आतली म्हणून एरवी तिची मॅमोग्राफी झालीच नसती. एप्रिल २०२२ मध्ये ती गेली आणि जूनमध्ये तिच्या नावाचा कायदा झाला. अशा विषारी धुराच्या ठिकाणी नोकरी केलेल्या माजी सैनिक स्त्रीला, वय काहीही असो, तिथल्या माजी सैनिक आरोग्य खात्यात धोक्याचं मूल्यमापन आणि गरजेप्रमाणे मॅमोग्राफी मिळते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी मोठा कायदा आला. त्यात त्या धुराशी संबंध आलेल्यांच्या प्रजनन अवयवांच्या कर्करोगांसाठी, म्हणजे गर्भपिशवीच्याही, 'हा सेवेमुळेच झाला' हे रुग्णाला वेगळं सिद्ध करावं लागत नाही. आणि पुरुषांबद्दल वर विषय निघाला म्हणून, कॅम्प लेजून नावाच्या त्यांच्या तळावर १९५३ ते १९८७ पिण्याचं पाणी रसायनांनी दूषित होतं. तिथे राहिलेल्या अनेक पुरुषांनी आपल्याला स्तनाचा कर्करोग झाल्याचं पुढे येऊन सांगितलं, आणि त्यावर सरकारी अभ्यास करावे लागले.

नर्सिंगवाल्यांसाठी एक. वर्षानुवर्षांच्या रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं आणि २०१९ मध्ये तेच कायम ठेवलं. डेन्मार्कने रात्रपाळी करून स्तनाचा कर्करोग झालेल्या काही स्त्रियांना भरपाईही दिली. आपण किती वर्षं नाइट केली हे डॉक्टरांना सांगायला हवं.

ओझरवाला
सोमवार, सकाळी ८:१०

माझी सेवा हवाई दलात झाली, नंतर ओझरला नोकरी. मला वाटतं प्रत्येकीने कागद करायचा, मग डॉक्टर, मग रेफरल, यात वर्षं जातील. सरळ मॅमोग्राफीची गाडी आणून देवळाली, ओझर, निफाड, इगतपुरीला शिबिरं घ्यावीत. ३० वर्षांपुढच्या सरसकट सगळ्या बायकांची करून टाकायची. पैसे संघटनांनी जमवावेत. मी स्वतः वर्गणी द्यायला तयार आहे.

पॅथ_गंगापूररोड
सोमवार, दुपारी १:३०

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. ओझरवाले काका, तुमची कळकळ समजते, पण तिशीपासून सरसकट मॅमोग्राफीला माझा विरोध आहे. तरुण वयात स्तन दाट असतात. फिल्मवर ते पांढरे दिसतात आणि गाठही पांढरीच, त्यामुळे खरी गाठ लपते. शिवाय नसलेल्याच गोष्टींचा संशय येऊन सुया टोचल्या जातात. त्या वयात गाठ लागली तर आधी सोनोग्राफी करतात.

आपल्याच मातीतला पुरावा बघा. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कुठलं यंत्र नाही. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. वर्गणी जमवायचीच तर चार चांगल्या प्रशिक्षित सिस्टर आणि दर दोन वर्षांनी न चुकता येणारी फेरी यासाठी जमवू. चाळिशीपुढच्यांना मॅमोग्राफीसाठी तिथूनच पाठवता येईल.

शिबिरांची मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. शिबिरात 'बायरॅड्स ४' म्हणून रिपोर्ट हातात पडतो, म्हणजे तुकडा तपासा. आणि बाई तो रिपोर्ट डब्यात ठेवते, कारण पुढे कुठे जायचं हे सांगायला कोणी उरलेलं नसतं. पुढची सोय नक्की असल्याशिवाय शिबिर घेऊ नये.

ओझरवाला
सोमवार, दुपारी २:१५

डॉक्टर, पटलं. सिस्टरच्या फेरीसाठी वर्गणी देतो. ओझरची जबाबदारी माझी.

निफाडकर_काकू
सोमवार, संध्याकाळी ७:५०

मुलगी टाइप करून देतेय. माझे मालक फौजेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. कार्ड माझ्या नावाचं आहे. वय ५८. पाळी जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. द्राक्षाची छाटणी चालू होती आणि पातळावर डाग दिसला. बांधावरच्या बायका म्हणाल्या उष्णतेनं होतं, सब्जा खा. मुलीनं ऐकलं नाही, दुसऱ्या दिवशी नाशिकला आणलं. सोनोग्राफीत अस्तर जाड निघालं, तुकडा तपासला, पिशवीचा कर्करोग. पॉलिक्लिनिकनं यादीतल्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. दुर्बिणीनं पिशवी, अंडाशय, नळ्या सगळं काढलं. पहिली स्टेज म्हणाले. किमो नाही, रेडिएशन नाही. आता तीन-तीन महिन्यांनी दाखवते. शेतात जाते.

मला शुगर आहे, वजनही होतं. डॉक्टर म्हणाले त्यानंही हा आजार होतो. पण माझा भाऊ ४६ व्या वर्षी आतड्याच्या कर्करोगानं गेला आणि आईला पिशवीचंच काहीतरी होतं. सिस्टरांचा कागद वाचून मुलीनं विचारलं, हे एकमेकांत अडकलंय का?

पॅथ_गंगापूररोड
सोमवार, रात्री १०:२५

काकू, मुलीने फार मोलाचा प्रश्न विचारला. हो, अडकलेलं असू शकतं. आतडं आणि पिशवी एकाच घरात, त्यातही पन्नाशीच्या आत, की आम्हाला 'लिंच सिंड्रोम' आठवतो. पेशी विभागताना डीएनएमध्ये होणाऱ्या चुका दुरुस्त करणारी काही जनुकं असतात: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२. त्यातलं एक जन्मतः बिघडलेलं असेल तर चुका साचत जातात. अस्तराचा कर्करोग झालेल्या शंभर बायकांत साधारण तिघींच्या मागे हे असतं. यातल्या कित्येक बायकांना आतड्याच्या आधी पिशवीचाच होतो, म्हणजे पिशवीचा रिपोर्ट नीट वाचला तर पुढचा आतड्याचा टाळायला वेळ मिळतो.

याचा शोध कुठे लागला हे या धाग्यावर सांगायलाच हवं. हेन्री लिंच हे स्वतः दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात गनर होते. पुढे डॉक्टर झाले आणि १९६२ च्या सुमारास ओमाहा शहरातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर म्हणून काम करत होते. तिथे दारूच्या व्यसनाचा एक रुग्ण होता. का पितोस म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, आमच्या घरात सगळे कर्करोगानेच मरतात, मीही तसाच मरणार. दुसऱ्या कोणी ते बडबड म्हणून सोडलं असतं. लिंच यांनी त्याच्या नातेवाइकांना गाठून वंशावळ काढली. पुरुषांत आतडं आणि बायकांत आतडं नि पिशवी, पिढ्यान् पिढ्या. १९६६ मध्ये अशा दोन मोठ्या घराण्यांवर लेख आला. त्या काळी आनुवंशिक कर्करोगावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. जनुकं सापडली ती १९९० नंतर. तोवर त्यांच्या हातात फक्त कागद होता, कोण, कशाने, कितव्या वर्षी. सिस्टर मागताहेत तोच कागद.

काकू, आता काम. ऑपरेशन झालं तिथल्या लॅबमध्ये तुमच्या गाठीचा मेणातला ब्लॉक असणार, तो वर्षानुवर्षं जपून ठेवतात. त्याच्यावर 'एमएमआर'ची, म्हणजे वरच्या दुरुस्ती-जनुकांच्या प्रथिनांची, तपासणी झाली आहे का ते रिपोर्टात बघा. नसेल तर डॉक्टरांना करायला सांगा. ब्लॉक आणि स्लाइड मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यात एखादं प्रथिन गायब दिसलं तर मग रक्ताची जनुक चाचणी.

मीनल_द
मंगळवार, सकाळी ११:००

वडील आर्मी सप्लाय कोअरमधून निवृत्त. आईला ४४ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग, ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर२ या तिन्ही खुणा नसलेला प्रकार). उपचार होऊन आता बरी आहे. तिच्या डॉक्टरांनी बीआरसीए (स्तन-अंडाशयाच्या आनुवंशिक कर्करोगाची जनुकं) चाचणी सांगितली होती, ती राहून गेली. मी ३१ ची, लग्न झालेलं. धाकटी २५ ची, तिचं बघणं चालू आहे. आईचं म्हणणं, माझं झालं ते झालं, आता तुम्ही मुलींनी तुमच्या करून घ्या. बाबांचं म्हणणं, धाकटीच्या लग्नाआधी हा विषयच नको. कोणाची आधी करायची? आणि ईसीएचएसमध्ये होईल का?

गोदाकाठचा_अमोल
मंगळवार, दुपारी १२:४०

मी वेगळं मत मांडतो, कोणाला दुखवायचं नाही. माझी आई याच आजाराने गेली. बहीण आज हसती-खेळती आहे. तिचं रक्त तपासून, ७० टक्के धोका आहे असा कागद तिच्या हातात द्यायचा, तो कशासाठी? आयुष्यभर डोक्यावर टांगती तलवार. जे व्हायचं ते होतंच. मला ही माहिती नको वाटते.

लॅमरोड_सिस्टर
मंगळवार, रात्री ९:१५

मीनल, आधी आईची. ज्याला आजार झाला त्याच्यापासून सुरुवात करायची, हा नियम धर. आईत बिघाड सापडला तर तुम्हा दोघींची फक्त त्या एका जागेची चाचणी होते. ती स्वस्त पडते आणि उत्तर पक्कं मिळतं. प्रत्येकीला तो बिघाड येण्याची शक्यता निम्मी असते. आधी तुमची केली आणि 'नाही' आलं, तर त्या 'नाही'चा अर्थ लागत नाही, कारण घरात काय शोधायचं होतं हेच माहीत नसतं. आईचं वय आणि ट्रिपल निगेटिव्ह, दोन्ही कारणांनी ती चाचणीला पात्र आहे.

आई बाबांच्या कार्डावर आहे. पॉलिक्लिनिकमधून रेफरल मागा. तपासणी यादीबाहेरची असेल तर पूर्वमंजुरी लागते, ती रक्त देण्याआधी लेखी घ्या. तू लग्न झालेली म्हणून कार्डावर येत नाहीस, तुझा खर्च तुला करावा लागेल. म्हणूनही आईची आधी. टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे. सकाळच्या पंचवटीने दादरला उतरून गेलात तर समुपदेशन करून परत येता येतं. रक्त देण्याआधीचं ते बोलणं टाळू नका.

बाबांना सांग, हा बिघाड वडिलांकडूनही मुलींना येतो, मुलांनाही येतो. तो कोणाचा दोष नाही. धाकटीला विचारल्याशिवाय तिची चाचणी करू नका आणि तिच्यापासून लपवूही नका. ती सज्ञान आहे, निर्णय तिचा.

अमोल दादा, तुमचं दुःख कळतं आणि चाचणी न करण्याचा हक्कही बहिणीचा आहे. पण 'जे व्हायचं ते होतंच' हे मला मान्य नाही. बीआरसीएमध्ये ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा धोका ७० टक्क्यांच्या आसपास आहे, खरं आहे. अंडाशयाचा बीआरसीए१ मध्ये ४४ टक्के, बीआरसीए२ मध्ये १७ टक्के. पण हे हाताशी असलं की करण्यासारखं पुष्कळ आहे. पंचविशीपासून दरवर्षी स्तनाचा एमआरआय, तिशीपासून सोबत मॅमोग्राफी. मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए१ असेल तर ३५ ते ४० मध्ये आणि बीआरसीए२ असेल तर ४० ते ४५ मध्ये अंडाशय आणि नळ्या काढल्या तर अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी उतरतो. आजार झालाच तर ओलापॅरिबसारखं औषध याच रुग्णांना लागू पडतं. लहान मुलांची मात्र चाचणी करत नाहीत, कारण त्या वयात करण्यासारखं काही नसतं.

आणि टप्प्याचा फरक किती ते बघा. अमेरिकेच्या आकड्यांत स्तनापुरता मर्यादित असताना सापडला तर पाच वर्षांनी ९९ टक्के बायका हयात असतात, दूर पसरल्यावर सापडला तर ३० टक्क्यांच्या आसपास. पिशवीचं ९५ आणि २० च्या खालीवर. आपल्या देशात सगळे टप्पे मिळून स्तनाचं प्रमाण ६६ टक्के आहे. हे अंतर बऱ्याच अंशी उशिरा येण्याचं आहे.

बहिणीला चाचणी नको असेल तर नको. पण आईचा इतिहास सांगून तपासणी लवकर सुरू करा. त्याला जनुकांचा रिपोर्ट लागत नाही.

पॅथ_गंगापूररोड
मंगळवार, रात्री १०:००

एक भर. रिपोर्टात कधी 'अर्थ अनिश्चित' असा बदल येतो. तो 'पॉझिटिव्ह' समजून स्तन किंवा अंडाशय काढून टाकू नका. तशा बदलांतले बहुतेक पुढे निरुपद्रवी ठरतात.

गोदाकाठचा_अमोल
बुधवार, सकाळी ७:३०

बहिणीला धागा वाचायला दिला. ती म्हणाली, तपासणीला जाईन, जनुकांचं नंतर बघू. मलाही ते ठीक वाटतं.

मी_सून
बुधवार, सकाळी १०:४५

छोटी शंका. सासूबाईंना स्तनाचा झाला होता. माझ्या कागदावर लिहू का?

लॅमरोड_सिस्टर
बुधवार, सकाळी ११:१०

तुमच्या कागदावर नाही, तुमच्या नवऱ्याच्या आणि मुलांच्या कागदावर. रक्ताचं नातं हवं.

गनर_भगूरकर
तीन आठवड्यांनंतर

मॅडम, बंधूंचा तुकड्याचा रिपोर्ट आला. कर्करोगच आहे. ईआर, पीआर (हार्मोनच्या खुणा) पॉझिटिव्ह, हर२ निगेटिव्ह. काखेत एक गाठ आहे, बाकी शरीरात पसरलेला नाही. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलला ऑपरेशनची तारीख मिळाली. बहिणीचा आणि आत्याचा कागद दाखवला तर डॉक्टरांनी स्वतःच जनुकांची चाचणी लिहिली. बंधू म्हणतात, मला झालाय, माझी करा, पण पोरांना कळवू नका. त्यांचा मुलगा भरतीची तयारी करतोय. रिपोर्टामुळे भरती अडेल अशी भीती आहे.

लॅमरोड_सिस्टर
त्याच दिवशी

साहेब, वेळेत नेलंत. स्तनाचा कर्करोग झालेल्या प्रत्येक पुरुषाला जनुकांची चाचणी सुचवतात, त्यामुळे डॉक्टरांनी योग्यच केलं. हार्मोन पॉझिटिव्ह आहे म्हणजे पुढे टॅमॉक्सिफेनची गोळी चालेल, ती पुरुषांनाही लागू पडते.

भरतीच्या मेडिकलमध्ये बीआरसीएची चाचणी नसते. शिवाय बिघाड वडिलांत निघाला तरी मुलात असेलच असं नाही, आणि त्याची चाचणी त्याच्या मर्जीशिवाय होत नाही. बंधूंना एवढं सांगा की बीआरसीए२ निघाला तर तुमचाही, म्हणजे भावाचाही, प्रोस्टेटचा धोका वाढलेला असू शकतो, आणि गेलेल्या बहिणीच्या मुलींना तर हे कळायलाच हवं. त्या मुली कुठे असतात?

गनर_भगूरकर
त्याच दिवशी

एक भोसरीला, एक येवल्याला. दोघी चाळिशीच्या आत. मी स्वतः फोन करतो. बंधूंशी बोललोय, भाच्यांना सांगायला हरकत नाही म्हणाले.

निफाडकर_काकू
दीड महिन्यानंतर

ब्लॉकवरची तपासणी झाली. एमएसएच२ आणि एमएसएच६ गायब. मग रक्त दिलं, एमएसएच२ मध्ये बिघाड निघाला. समुपदेशनवाल्या बाई म्हणाल्या, तुमची पिशवी गेली, आता आतडं सांभाळा. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं आतड्याची तपासणी) झाली, एक छोटा पॉलिप (आतड्यातला कोंब) होता तो तिथंच काढला. आता वर्ष-दोन वर्षांनी करायची. मुलगी ३४ ची, तिचं रक्त पाठवलंय.

भावाचा मुलगा २८ चा. तो म्हणतो मला काही होत नाही. शिवाय तो माझ्या कार्डावर येत नाही. त्याला कसं सांगू?

पॅथ_गंगापूररोड
त्याच रात्री

काकू, तुमचा रिपोर्ट त्याला द्या. त्याच्या रक्तात फक्त तीच एक जागा बघायची, पूर्ण पॅनेल लागणार नाही, खर्च कमी येईल. बिघाड नसेल तर त्याला चार माणसांसारखंच राहायचं, वेगळं काही नाही. असेल तर कोलोनोस्कोपी आतापासून लागेल. या जनुकात ती २० ते २५ व्या वर्षापासूनच सांगतात, म्हणजे तो आधीच उशिरा आहे. पॉलिप असतानाच काढला तर कर्करोगापर्यंत जात नाही, हे तुमच्याच उदाहरणावरून सांगा. ॲस्पिरिनचाही लिंचमध्ये उपयोग दिसला आहे, पण ते डॉक्टरांनी लिहिलं तरच.

हवं तर त्याला माझ्याशी बोलायला सांगा. इथे निरोप टाका, मी वेळ देतो.

निफाडकर_काकू
दुसऱ्या दिवशी

भाच्याला रिपोर्ट वाचायला दिला. डॉक्टर, शनिवारी तुम्हाला भेटायला येतो म्हणालाय. किती वाजता पाठवू?